तांबगिरीचे युवराज, मुक्काम ल्यूकन

"राजा असा दात दाखवून हसत नाही," लॅपटॉपमधून आबासाहेब म्हणाले, आणि शार्दूलनं तोंड मिटून घेतलं.

आता आठ वर्षांच्या पोरानं दात दाखवून हसायचं नाही तर कसं हसायचं? पण नीलिमाला विचारतंय कोण! ती ओट्याशी उभी राहून पोह्यांसाठी कांदा चिरत होती, आणि सगळा राग त्या बिचाऱ्या कांद्यावर निघत होता. नोव्हेंबर २०२० मधला रविवार होता, सकाळची वेळ. बाहेर ल्यूकनच्या, त्या आयरिश उपनगरातल्या, एकसारख्या घरांच्या रांगेतून पोरं सायकली पळवत होती. शेजारचा फिन दोनदा दार वाजवून गेला होता. आणि तिचा मुलगा बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या उशा जमिनीवर मांडून, त्यावर मांडी घालून, डोक्यावर फेटा चढवून राजा व्हायचा अभ्यास करत होता.

"पाठ ताठ. हात मांडीवर," आबासाहेब म्हणाले. "आता पूर्वजांची नावं."

"रायाजीराव. केदारराव. दुसरे रायाजीराव. सुभानराव." शार्दूल थांबला. "अँड देन... हायबॅटराव?"

"हैबतराव!" हे जिन्यात बसलेल्या अंबरीशनं म्हटलं. म्हटलं कसलं, किंचाळलाच. नवरा रात्रपाळी करून आला होता, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात रात्रभर उभा होता, झोपायचं सोडून जिन्यात बसून पोराबरोबर ओठ हलवत होता. पाचवं नाव आलं की त्याचा श्वासच अडकायचा. नीलिमानं हे किती वेळा पाहिलं होतं, पण त्यात काही असेल असं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. माणूस हौशी असतो, सोडून द्या, एवढंच तिला वाटलं होतं.

आबासाहेब म्हणजे गुरुनाथराव, अंबरीशचे थोरले काका, तांबगिरी संस्थानचे राजे. राजे म्हणजे काय, ते ऐका. संस्थान विलीन होऊन जमाना झाला. राजवाड्यात आता डिप्लोमा कॉलेज भरतं आणि दरबारात पोरं मोटार वाइंडिंग शिकतात. आबासाहेब आणि त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई साताऱ्यात साध्या बंगल्यात राहतात. राजेपणातलं उरलंय ते इतकंच, की दसऱ्याला देवीच्या पालखीला पहिला खांदा तांबगिरीच्या राजाचा, आणि त्या संध्याकाळी राजा गादीवर बसतो, गावातली माणसं एकेक करून येतात आणि त्याच्या हातात सोनं देतात. बस. पण ती गादी रिकामी राहिलेली गावाला चालत नाही, आणि आबासाहेबांना मूलबाळ नव्हतं.

मग शार्दूल त्यात आला कसा? नीलिमाच्या एका वाक्यानं. तेच तर तिला रोज खात होतं.

जानेवारीत, म्हणजे करोनाचं नाव अजून कुणाच्या तोंडी नव्हतं तेव्हा, ते तिघं साताऱ्याला गेले होते. सुहासिनीबाईंनी शार्दूलला फेटा बांधला. पोरगं खूश. आरशासमोरून हलेना. आबासाहेब त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नीलिमाताई, हा मुलगा आम्हाला द्याल का?" आणि नीलिमा हसत म्हणाली, "अहो, तुमचाच आहे की!"

आता सांगा, यात तिचं काय चुकलं? आपल्याकडे कुणी पोराचं कौतुक केलं की आपण हेच म्हणतो. शेजारीण म्हणाली, किती गोड आहे गं, की म्हणतो, तुमचाच आहे, घेऊन जा. ती काय लगेच उचलून नेते? पण राजाच्या घरात बोललेलं वाक्य हवेत जात नसतं. आबासाहेबांनी तिथल्या तिथे डोळे पुसले, सुहासिनीबाईंनी देवापुढे साखर ठेवली, आणि अंबरीश असा काही उजळला, की नीलिमा तशीच हसत राहिली. अंबरीशचे वडील तो लहान असताना गेले. त्याला वाढवलं, शिकवलं ते आबासाहेबांनी. तिनं मनाशी म्हटलं, जाऊ दे, नावापुरतं दत्तक तर आहे, म्हाताऱ्या माणसांना बरं वाटेल.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमानं बंद, शाळा बंद, घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जाणं बंद. चालू राहिला तो फक्त युवराजांचा अभ्यास.

सुरुवातीला आठवड्यातून एकदा असलेला तास उन्हाळ्यात तीनदा झाला. युवराजांनी कुणाच्या हातातून वस्तू ओढून घ्यायची नाही. युवराजांनी पळत जिना उतरायचा नाही. युवराजांनी 'मी' म्हणायचं नाही, 'आम्ही' म्हणायचं. एरवी घरात आई मराठीत ओरडणार आणि लेक आयरिश इंग्रजीत उत्तर देणार, असं सगळं सुरळीत चाललं होतं. आता तो सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणू लागला, "आम्हाला मिल्क." तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. "तुम्हाला मिल्क हवं असेल तर तुम्ही उठा आणि कपाटातून ग्लास काढून तुम्ही घ्या!" ती म्हणाली. तर तो ताठ बसून राहिला. पाठ सरळ, हात मांडीवर.

बरं, सगळंच वाईट होतं का? तेही नाही, आणि म्हणूनच जास्त चिडचिड व्हायची. राजा सगळ्यांच्या शेवटी जेवतो, हे आबासाहेबांनी शिकवलं, तर शार्दूल खरंच आई-बाबांचं ताट वाढून होईपर्यंत घास घ्यायचा नाही. तो पडद्यावर आला की ऐंशीच्या घरातला तो माणूस दर वेळी खुर्चीतून उठून उभा राहायचा. पोराला असा मान कुणी दिला होता? नीलिमा मेडिकल डिव्हाइस कंपनीची क्वालिटीची कामं वरच्या खोक्याएवढ्या खोलीतून करायची, दिवसभर मीटिंगा, आणि संध्याकाळी खाली यायची ती भांडायलाच. तिच्या वाट्याला पोराची पाटी-पेन्सिल, गृहपाठ आणि नाक पुसणं, आणि मान कुणाला, तर पडद्यावरच्या माणसाला.

सगळ्याचा कडेलोट झाला तो हर्लिंगवरून, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळावरून. क्लबची प्रॅक्टिस मधे काही आठवडे सुरू झाली होती आणि शार्दूलला गोलकीपर म्हणून उभं राहायला फार आवडायचं. गुडघ्यापर्यंत चिखल माखून यायचा आणि तोंडभर हसायचा. आबासाहेबांना कळलं. ते शांतपणे म्हणाले, "राजा मागं उभा राहून वाट बघत नाही. कप्तान व्हा, नाहीतर खेळू नका." त्यानंतर शार्दूल गेलाच नाही. काठी गॅरेजमध्ये पडून राहिली.

"अंबरीश, मी त्यांच्याशी बोलणार आहे," ती म्हणाली.

"अगं, म्हातारा माणूस आहे. नावापुरतं आहे सगळं."

"नावापुरतं आहे ना? मग पोराचे खेळ का बंद होतायत?"

तो उठला. ह्याचं असंच. बोलायला लावलं की मूग गिळून बसायचं आणि जाऊन डिशवॉशरमधली भांडी परत नीट रचायची.

या सगळ्या तासांत पडद्यावर आणखी एक माणूस असायचं. आबासाहेबांच्या खुर्चीच्या मागे, दाराजवळ, स्टुलावर बसलेल्या लताबाई. अंबरीशची आई, नीलिमाच्या सासूबाई. त्याच बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहायच्या. आबासाहेब त्यांच्याशी कधी बोलायचे नाहीत, बघायचेही नाहीत. त्यांना काही सांगायचं तर सुहासिनीबाईंकरवी. अंबरीश म्हणायचा, राजघराण्यात भावजयीशी असंच असतं, रीत आहे. नीलिमाला वाटायचं, रीत कसली, माणूस आहे की भिंत? आणि सासूबाई तरी काय, नातवाचा गळा दाबताहेत तरी तोंड उघडतील तर शपथ.

फेब्रुवारीत संस्थानचे वकील हरीशराव कॉलवर आले. भला माणूस. खोकत, कागद चाळत, सगळं समजावून सांगायचा त्यांना सोस.

"तर अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरलाय," ते म्हणाले. "दत्तकविधान झालं की शार्दूलराव हे आबासाहेबांचे पुत्र. म्हणजे अंबरीशरावांचे चुलत बंधू. आणि ताईसाहेब, तुमचे धाकटे दीर."

नीलिमा हसली. खदखदून हसली. "म्हणजे मी माझ्या पोराला भाऊजी म्हणायचं?"

कुणी हसलं नाही. आबासाहेब म्हणाले, "चारचौघांत तरी म्हणावं लागेल. आणि त्यांनी तुम्हाला वहिनी. सवय आतापासून केलेली बरी."

"आणि विमानं सुरळीत झाली," हरीशरावांनी पुढचा कागद उलटला, "की युवराजांची शाळा सातारची. तसं अंबरीशरावांशी बोलणं झालेलंच आहे."

नीलिमानं वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो लॅपटॉपच्या कळफलकाकडे बघत होता.

त्या दिवशी जे भांडण झालं ते शेजारच्या फिनच्या आईनंही ऐकलं असेल. भाषा कळली नसेल, बाकी सगळं कळलं असेल. "बोलणं झालंय? कुणाशी झालंय? त्याची आई कोण आहे, मी की तो कॉलेजला दिलेला राजवाडा?" नीलिमा ओरडत होती. "दहा वाक्यं सरळ मराठीत बोलता येत नाहीत त्याला, त्याला तू तिकडे एकटा पाठवणार? आणि मी काय करू? दसऱ्याला व्हिडिओवर नमस्कार करू, भाऊजी कसे आहात म्हणून?"

"सुट्टीत येईल ना तो. मी बोलीन त्यांच्याशी नंतर."

"तू? तू बोलशील? तू आयुष्यात त्या माणसाला नाही म्हणाला आहेस का?"

तेव्हा अंबरीश खुर्चीत बसला आणि जे लग्नाला बारा वर्षं होऊनही बोलला नव्हता ते बोलला.

"आधी मी होतो," तो म्हणाला. "मलाच घेणार होते दत्तक. सात वर्षांचा होतो. असाच फेटा, असेच तास. अंगणात मांडव पडला होता. आदल्या दिवशी सगळ्या भाऊबंदांसमोर मला पूर्वजांची नावं म्हणायला उभं केलं आणि मी हैबतरावांपाशी अडकलो. आठवेचना. दुसऱ्या दिवशी मला नटवून आतल्या खोलीत बसवलं. विधी सुरू झाला, गुरुजींचा आवाज येत होता. मला म्हणाले, बोलावू तेव्हा बाहेर ये. मी बसून राहिलो. कुणी बोलावलंच नाही. संध्याकाळी खिडकीतून पाहिलं तर मांडव सोडत होते. त्यानंतर कुणी कधी विषय काढला नाही. आबासाहेबांनी शिकवलं, इंजिनियर केलं, काही कमी केलं नाही. पण मी नापास झालो, नीलिमा. एक नाव विसरलो म्हणून."

नीलिमा त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसली. हा माणूस घराचं कुलूप तीनदा ओढून बघतो, परीक्षेत कायम पहिला आला, कारखान्यात कुणाच्या चुका शोधायच्या असल्या की त्यालाच बोलावतात. ते का, हे तिला आत्ता कळत होतं. तिला त्याची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचा राग आला. कारण दया आली की आपण हरलो, हे तिला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं न राहवून सासूबाईंना फोन लावला. "आई, तुम्ही काहीतरी बोला ना. तुमचा नातू आहे."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग लताबाई हळूच म्हणाल्या, "पाणी सोडायची वेळ आली की घाई करू नकोस, एवढंच सांगते," आणि त्यांनी फोन ठेवला. नीलिमानं कपाळाला हात लावला. पोर चाललंय हातचं, आणि ह्या पूजेच्या टिप्स देतायत!

एप्रिलमध्ये आबासाहेबांना करोना झाला. दवाखाना, ऑक्सिजन, बेड मिळेना, मग मिळाला. अंबरीश फोन हातात धरूनच झोपायचा. म्हातारा चिवट, घरी आला, पण नाकात नळी घेऊन. त्यानंतर काही बोलायची सोयच उरली नाही. जो तो म्हणू लागला, त्यांचा जीव तेवढ्यात अडकलाय. सुहासिनीबाई फोनवर रडल्या. नीलिमानं दात-ओठ खात म्हटलं, "ठीक आहे. उभी राहीन मी." काय करणार होती? मरणाच्या दारातून आलेल्या माणसाला नाही म्हणणारी बाई व्हायचं धाडस तिला झालं नाही.

हरीशरावांनी एक गोष्ट मात्र ठासून सांगितली. पडद्यावरून मूल देता येत नाही. देणं-घेणं प्रत्यक्ष व्हायला हवं, हाताला हात लागायला हवा. मग आबासाहेबांच्या वतीनं मूल घ्यायला डॉक्टर चंद्रहास यांना नेमलं. सुहासिनीबाईंचे लांबचे भाचे, मिरजेला शिकलेले, इथल्या सरकारी दवाखान्यात काम करणारे. अक्षय्य तृतीयेला ते डून लेरीहून गाडी चालवत आले. नियमानं घरात कुणाला घेता येत नव्हतं, म्हणून विधी मागच्या बागेत. लॅपटॉप अंगणातल्या टेबलावर, त्याच्या बाजूला तांब्या, पळी, ताम्हन. वर दोरीवर टॉवेल वाळत होते, ते काढायचं कुणाला सुचलं नाही.

डॉक्टर मास्क लावून लांब उभे राहिले. डोळ्यांखाली काळं झालेलं. "वहिनी, मला यातलं काही कळत नाही," ते नीलिमाला म्हणाले. "मावशींनी सांगितलं म्हणून आलो. वर्षभर लोकांना शेवटचे फोन लावून देतोय. नाही म्हणायची ताकदच उरली नाही."

पडद्यावर सगळे जमले होते. मधोमध नळी लावलेले आबासाहेब, भरजरी अंगरखा अंगावर सैल पडलेला. शेजारी सुहासिनीबाई, गुरुजी, हरीशराव. मागे दाराजवळ स्टुलावर लताबाई. शार्दूल पाटावर बसला, फेटा कपाळावर घसरलेला. आबासाहेब थकलेल्या आवाजात म्हणाले, "युवराज, आधी वडीलधाऱ्यांना नमस्कार."

शार्दूल उठला. अंबरीशला वाकून नमस्कार केला. मग नीलिमासमोर आला, पाठ सरळ, आणि एकही अक्षर न चुकता, साताऱ्यातल्या माणसासारखं स्वच्छ मराठीत म्हणाला, "नमस्कार करतो, वहिनी."

आठ वर्षं जिनं 'मॅम नाही रे, आई म्हण' म्हणून घसा कोरडा केला, तिच्यासमोर पोरगं पहिलं धड मराठी वाक्य बोललं ते हे. पडद्यावर सगळे कौतुकानं हसले. नीलिमानं त्याचा कपाळावर घसरलेला फेटा वर सारला.

गुरुजींनी मंत्र म्हटले. अंबरीशनं पाणी सोडलं. पळी ताम्हनात ठेवली. मग गुरुजी म्हणाले, "आता मातेनं पळीत पाणी घ्यावं, घेणाऱ्याच्या ओंजळीत सोडावं आणि 'न मम' म्हणावं. न मम म्हणजे माझा नाही."

डॉक्टरांनी जवळ येऊन ओंजळ पुढे केली. सॅनिटायझरचा वास आला. नीलिमानं पळी भरली, पुढे नेली, तिरकी केली. पाणी काठाशी आलं आणि तिथंच राहिलं.

"अडकलं वाटतं," हरीशराव म्हणाले. "ताईसाहेब, आवाज येतोय का?"

"अहो, तिकडचं नेट गेलं," सुहासिनीबाई म्हणाल्या. "सगळे पुतळ्यासारखे दिसतायत."

"नीलिमा?" अंबरीश हलकेच म्हणाला. "सोड ना."

ती हलली नाही. गुरुजींनी परत न मम, न मम म्हटलं. हरीशराव कुणाला तरी राऊटर बंद करून चालू करा म्हणत होते. इकडे दोरीवरचे टॉवेल वाऱ्यानं फडफडत होते, पण ते बघायचं कुणाच्या मनात आलं नाही.

तेवढ्यात पडद्यावर मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. लताबाई उठल्या, चालत पुढे आल्या आणि थेट आबासाहेबांच्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या.

"नेट गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ती पाणी सोडत नाहीये."

आबासाहेबांनी मान वळवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते त्यांच्याशी बोलले. "लता, तुम्ही आत जा."

"मागच्या वेळी पळी टाकून आत गेले, ती आजवर आतच राहिले," लताबाई म्हणाल्या. "आता नाही जात."

"कुठली पळी?" अंबरीश टेबलावर वाकला. "आई, काय बोलतेयस?"

"तुझ्या वेळची. मांडवात मला बसवलं, हातात पळी दिली, न मम म्हणा म्हणाले. मला म्हणवेना. टाकली पळी आणि उठले. मोडलं सगळं."

अंबरीशनं लॅपटॉप दोन्ही हातांनी धरला. मग एखाद्या लहान पोरानं म्हणावं तसं म्हणाला, "पण मी तर हैबतराव विसरलो होतो."

"विसरला होतास. कुणाच्या लक्षातसुद्धा राहिलं नव्हतं ते. पास झाला होतास तू. पास झालास म्हणून तर न्यायला बसले होते रे."

"मग सांगितलं का नाहीस? एवढी वर्षं?"

"राजेपण माझ्यामुळे गेलं म्हटल्यावर मला आई म्हणाला असतास की नाही, याची भीती वाटली. आधी तू लहान होतास म्हणून नाही सांगितलं. मग मोठा झालास म्हणून."

नीलिमाचा दंड भरून आला होता. तिनं पळी हळूच मागे घेतली आणि त्यातलं पाणी, एक थेंबही खाली पडू न देता, तांब्यात परत ओतलं.

"आबासाहेब," ती म्हणाली, आणि आवाज फुटला तरी थांबली नाही, "तुमचाच आहे म्हणाले होते मी. बोलण्याच्या ओघात म्हणाले. चुकलं माझं. रागवा, बोलू नका माझ्याशीही. पण तो माझा आहे. मी देत नाही."

आबासाहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, सुहासिनीबाई "अहो, नळी, नळी" म्हणत असताना उभे राहिले आणि शार्दूलकडे बघून हात जोडले. पाहुणा निघाला की राजा उभा राहतो, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. मग सुहासिनीबाई त्यांना धरून आत घेऊन गेल्या. गुरुजी पोथी आवरू लागले. त्या म्हाताऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून नीलिमाला रडू आलं, आणि रडतानाही तिला माहीत होतं, की परत विचारलं तरी ती हेच सांगेल.

शार्दूल एकदा आईकडे, एकदा बाबाकडे बघत होता. "मॅम, ॲम आय नॉट किंग एनीमोअर?"

"नाही."

"ग्रँड," इथली पोरं 'ठीक आहे' म्हणतात तसं तो म्हणाला. फेटा काढून पाटावर ठेवला, गॅरेजमध्ये जाऊन काठी शोधून काढली आणि बाजूच्या फाटकातून फिनला हाका मारत पळाला. जिना नव्हता म्हणून, नाहीतर तोही पळतच उतरला असता. डॉक्टर अजून ओंजळ धरूनच उभे होते. ती कोरडी ओंजळ त्यांनी सोडली आणि बागेतल्या खुर्चीत बसून मास्क खाली केला.

पडद्यावर लताबाई एकट्याच उरल्या होत्या. लॅपटॉप बंद कसा करायचा ते त्यांना येत नव्हतं. अंबरीश त्यांच्यासमोर बसला होता, अडतीस वर्षांचा माणूस, दोन्ही हात मांडीवर.

"मी वाट बघत होतो, आई," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत. मला वाटलं, बोलावतील."

"माहीत आहे," लताबाई म्हणाल्या. "मी दाराबाहेरच बसले होते. कुणी बोलवायला आलं असतं तर माझ्यावरून जावं लागलं असतं."